आमचं नाव दस्तात, किल्ली त्यांच्या खिशात



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या टोळीतल्या दादांच्या पायावर लोखंडी प्लेटांची थप्पी घसरली. दादा पन्नाशीचे, टोळीत सगळ्यांत थोरले, क्रेनच्या आवाजावरून वजन सांगणारा माणूस. मुकादमाने टॅक्सी बघितली आणि आम्ही तिघे त्यांना घेऊन जे पहिलं मोठं हॉस्पिटल लागलं त्यात शिरलो. नाव सांगत नाही. या शहरात अशी पुष्कळ आहेत आणि मला एकट्या-दुकट्याशी भांडायचं नाही. पाटीवर ‘धर्मादाय’ लिहिलेलं होतं. काउंटरवरच्या बाईने आधी डिपॉझिट विचारलं. आमच्या तिघांच्या खिशात मिळून अकराशे रुपये. म्हटलं, बाई, बाहेर धर्मादाय लिहिलंय. ती म्हणाली, चॅरिटीचे बेड भरलेत, सोशल वर्कर मॅडम चार वाजता येतील, तोवर रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणून ठेवा. दादांच्या बुटातनं रक्त फरशीवर येत होतं, आणि आम्ही तहसीलदार शोधायचा! फरशी पुसणारी मावशी तेवढी चुकचुकली. ती आपलीच.

चार वाजेपर्यंत मी भिंत वाचली. संगमरवरी पाटी, सोनेरी अक्षरं. अमुक शेठ, त्यांच्या पुण्यस्मरणार्थ त्यांच्या सुपुत्रांनी ही वास्तू जातिधर्माचा भेद न करता गोरगरिबांच्या सेवेसाठी अर्पण केली. गोरगरीब म्हंजे कोण? म्हंजे मी. म्हंजे दादा. आमच्यासाठी अर्पण केलेल्या वास्तूत आम्ही बाकड्यावर बसलो होतो आणि आम्हाला आत घ्यायचं की नाही हे ठरवणारी मॅडम चारला येणार होती. ती साडेचारलाही आली नाही. दादांना उचलून म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात नेलं. पाय घोट्याच्या वर काढावा लागला. ते तीन तास गेले नसते तर पाय वाचला असता का, मला माहीत नाही. डॉक्टरने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

ती पाटी डोक्यातनं गेली नाही. मी दहावी पास, कविता करतो, माल उतरवतो. कायद्याची पुस्तकं माझ्या वाटेला कशाला येतील? पण आमचे भावजी फोर्टात एका सॉलिसिटरच्या ऑफिसात शिपाई आहेत. बड्या घरांच्या फायली या टेबलावरनं त्या टेबलावर नेणं हे त्यांचं काम. त्यांनी रद्दीत निघालेलं एक इंग्रजी पुस्तकडं आणून दिलं. वर लिहिलेलं, इस्टेट प्लॅनिंग. म्हंजे श्रीमंत माणसाने मरायच्या आधी इस्टेटीची व्यवस्था कशी लावावी. मृत्युपत्र कसं करावं, पोरांत भांडणं होऊ नयेत म्हणून काय करावं, आणि एक आख्खं प्रकरण धर्मादाय ट्रस्टावर. च्यायला, तिथे मला पाटीवरचे गोरगरीब पुन्हा भेटले. ते प्रकरण आपल्यावर दया करण्याविषयी नव्हतं. इस्टेट कशी राखायची, याविषयी होतं.

तेवढंच सांगायला हा लेख लिहितोय. हलके घ्या, जड घ्या, पण वाचा.

ट्रस्ट ही तीन माणसांची गोष्ट आहे. देणारा, सांभाळणारा, आणि ज्याच्यासाठी सांभाळायचं तो. दस्तात त्यांना म्हणतात स्थापक, विश्वस्त आणि लाभार्थी. घरच्यांसाठी केला तर खाजगी ट्रस्ट, त्याला १८८२ चा कायदा. लोकांसाठी केला तर सार्वजनिक ट्रस्ट, त्याला आपल्याकडे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, ज्याच्या नावात आता मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय. शहाणा शेठ दोन्ही करतो. बंगला, दागिने, रोकड पोरांच्या ट्रस्टात. कंपनीचे शेअर, शाळा, हॉस्पिटल, धर्मशाळा धर्मादाय ट्रस्टात. एका हाताने पोराला, दुसऱ्या हाताने समाजाला. दोन्ही हात एकाच खांद्यातनं निघालेले.

कुणी म्हणेल, अरे, धर्मादायात टाकलेलं परत घेता येत नाही, मग त्याचा काय फायदा? बरोबर. परत घेता येत नाही. ट्रस्टाच्या उत्पन्नातनं शेठच्या बायकोपोरांना फायदा दिला तर कायदा करमाफी काढून घेतो, हेही खरं. मी खोटं बोलणार नाही, कायदा इतका बिनडोक नाही. पण त्या पुस्तकातला सल्ला मालकी राखायचा नव्हताच. सल्ला होता, मालकी सोडा, ताबा सोडू नका. दस्तात लिहा की पहिला विश्वस्त मी, तहहयात. माझ्यानंतर माझा मोठा मुलगा. जागा रिकामी झाली की उरलेल्या विश्वस्तांनी नवा नेमावा. उरलेले कोण? मेव्हणा, चार्टर्ड अकाउंटंट आणि कुटुंबाचे जुने डॉक्टर. झालं! मालक मेला तरी ताबा मरत नाही. वर सरणावर चढताना लोक म्हणतात, केवढा दानशूर माणूस.

ह्या दानशूरपणाला इतिहास आहे, आणि तो इतिहास कराचा आहे. १९५३ साली आपल्या देशात मृत्युकर आला, इस्टेट ड्यूटी. माणूस मेला की मागे ठेवलेल्या मालमत्तेवर सरकारला वाटा. पुढे दर चढत चढत वीस लाखांच्या वरच्या इस्टेटीला ८५ टक्क्यांपर्यंत गेला. ऐकायला केवढी क्रांती! त्याच कायद्यात एक फट होती. मरणाआधीच्या दोन वर्षांत कुणाला काही बक्षीस दिलं असेल तर ते इस्टेटीतच धरायचे. पण ते सार्वजनिक धर्मादायाला दिलं असेल तर दोन वर्षांच्या जागी फक्त सहा महिने. म्हंजे डॉक्टरने मान हलवली की सॉलिसिटरला बोलवायला वेळ असायचा. १९८५ च्या बजेटात तो करच काढून टाकला. कारण काय सांगितलं? वसुली वर्षाला जेमतेम वीस कोटी, आणि वसूल करायचा खर्च डोईजड. ८५ टक्के दर आणि वीस कोटी वसुली! एवढ्या मोठ्या देशातले सगळे श्रीमंत काय दरिद्री होऊन मरत होते? सगळं धर्मादायातच गेलं असं मी म्हणत नाही. हिंदू अविभक्त कुटुंब होतं, बेनामी होतं, वेळेत वाटलेल्या बक्षिशी होत्या. पण धर्मादाय हा त्यातला सर्वांत सोज्वळ दरवाजा. बाकीच्या दारांतनं निघालेल्याला चोर म्हणतात. ह्या दारातनं निघालेल्याचा पुतळा होतो.

पुढे बक्षीसकर १९९८ ला गेला, संपत्तीकर २०१५ ला गेला. आज बापाचं पोराकडे जाताना मध्ये सरकार कुठेच उभं नाही. २०२४ च्या निवडणुकीत वारसाकर हा शब्द नुसता कुणीतरी उच्चारला तर सगळे पक्ष अंगावर पाल पडल्यासारखे झटकायला लागले. मग कर नसताना ट्रस्ट कशाला, असं मी भावजींना विचारलं. भावजी हसले. म्हणाले, अरे, साहेब लोक पावसाळ्याच्या आधी छत्री घेतात, तुझ्यासारखे भिजल्यावर नाय. कर परत येईल ही भीती आहेच. शिवाय आयकरातली सूट रोजची आहे. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली, कलमांचे नंबर बदलले, पण धर्मादायाची सूट गेलेली नाही. देणगीवर सूट, ट्रस्टाच्या उत्पन्नावर सूट. नियम असा चालत आलाय की उत्पन्नाचे ८५ टक्के खर्च करा, १५ टक्के विनाशर्त बाजूला ठेवा. (पुन्हा ८५! हा आकडा त्यांचा लाडका दिसतोय. मरणाऱ्याकडनं घ्यायचा तेव्हा जुलूम, खर्च दाखवायचा तेव्हा सोय.) आणि आपल्याला विसरता येणार नाही असा हिशोब हा की ज्या रुपयावर कर माफ झाला त्यात आपलाही वाटा होता. तो सरकारात आला असता तर त्यातनं म्युनिसिपालटीचा दवाखाना चालला असता, जिथे डिपॉझिट मागत नाहीत. तो रुपया शेठच्या ट्रस्टात राहिला आणि त्याच्या नावाची पाटी झाली. दान अर्धं आपणही केलंय, दोस्तहो. पाटीवर नाव एकाचंच.

आता गोदीकडे या. आमच्या गोदीच्या नावातच १८७३ पासून ट्रस्ट होता, पोर्ट ट्रस्ट, २०२१ च्या कायद्यानं त्याचं ऑथॉरिटी झालं. प्लेगनंतर १८९८ ला आला तो इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. परळला बाबासाहेब राहिले ती बीआयटी चाळ त्यातलीच. मुंबईच्या कष्टकऱ्याला हा शब्द असा पाट्यांवरनं माहीत. विश्वास ह्या अर्थाने तो आपल्याला कुणी शिकवलाच नाही.

गोदीच्या पाठीला माझगाव. तिथे एके काळी माझगाव कॅसल होता, सर जमशेटजी जीजीभॉय यांचा. जमशेटजी १७८३ चे, गरिबीतनं वर आलेले, मोठे झाले ते चीनच्या व्यापारावर, आणि त्या व्यापारात माळव्याची अफू होती. हे काही गुपित नाही, इतिहासाच्या पुस्तकांत आहे. त्यांचं दानही खरं आहे. भायखळ्याचं जे. जे. हॉस्पिटल १८४५ चं. आपली अर्धी वस्ती तिथे जन्मली आणि तिथेच मेली, मी ते नाकारणार नाही. पण दानाच्या पाट्या सगळे वाचतात, दुसरा कागद कुणी वाचत नाही. जमशेटजी १८५९ ला गेले. १८६० साली त्यांच्या कुटुंबासाठी एक खास कायदा झाला. वर्षाला एक लाख रुपये उत्पन्न देणारे सरकारी रोखे आणि माझगाव कॅसल हे विश्वस्तांच्या हाती बांधून टाकायचे, म्हंजे बॅरोनेट ह्या पदवीचा थाट पिढ्यान्‌पिढ्या राहील. पदवी ज्याच्याकडे जाईल त्याने नावही जमशेटजी जीजीभॉय हेच घ्यायचं. एका माणसाचं नाव मरू नये म्हणून सरकार कायदा करतं! विचार करा, १८६० ला वर्षाला एक लाख! आणि त्याच काळी माझगावच्या धक्क्यावर जे हमाल पोती उतरवत होते त्यांची नावं कुठल्या कागदावर आहेत? हजेरीच्या वहीतसुद्धा ती आडनावाशिवाय असतील.

आता शेअरची गोष्ट. ही जरा किचकट आहे पण खरी मेख इथे आहे. शेठ आपल्या कंपनीचे शेअर धर्मादाय ट्रस्टाला देतो. डिव्हिडंड ट्रस्टाला, त्यातनं शिष्यवृत्त्या, औषधं, वह्या. चांगलंच. पण शेअरला मत असतं. कंपनीचा मालक कोण, डायरेक्टर कोण, कारखाना बंद करायचा का, हे मत ठरवतं. ते मत कोण देतो? वही मिळालेला पोरगा नाही. विश्वस्त देतो. सरकारलाही हे कळत होतं. १९६३ ला कंपनी कायद्यात दुरुस्ती करून पब्लिक ट्रस्टी नेमायची सोय केली, की ट्रस्टांकडे असलेल्या शेअरांचं मत सरकारच्या माणसाने द्यावं. २००० च्या दुरुस्तीने तीही मावळली. १९८३ साली आयकर कायदा घट्ट केला की धर्मादाय ट्रस्टने पैसा ठरलेल्या ठिकाणीच गुंतवावा, कंपन्यांचे शेअर धरून बसू नये. पण १ जून १९७३ रोजी जे मूळ निधीत होतं ते तसंच राहू दिलं. कायदा येतो तो नव्या चोरासाठी. जुन्याला तो नमस्कार करतो.

टाटांचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण ते चांगलं उदाहरण आहे. वाईटाला झोडणं सोपं. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. दोराबजींना मूलबाळ नव्हतं, सगळं ट्रस्टला दिलं. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ ला त्याच पैशातनं उभं राहिलं, १९६२ पासून ते अणुऊर्जा खातं चालवतं. आमच्या चाळीतल्या किती बाया तिथनं बऱ्या होऊन आल्या. आज टाटा सन्सचे साधारण ६६ टक्के शेअर टाटांच्या ट्रस्टांकडे आहेत. म्हंजे मीठ, पोलाद, मोटारी, विमानं, ह्या सगळ्याच्या मुळाशी धर्मादाय आहे. धर्मादायाचे लाभार्थी आपण. मग हिशोबाने ह्या देशातल्या सगळ्यांत मोठ्या उद्योगघराण्याचे दोन तृतीयांश धनी आपण झालो की नाही? झालो! मग विश्वस्तांच्या बैठकीत एकदा तरी एखादा सफाई कामगार, एखादी बिडी वळणारी बाई लाभार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून बसवायचा नियम कुठल्या दस्तात आहे? चांगल्यातल्या चांगल्या ट्रस्टाची ही गत. बाकीच्यांबद्दल काय बोलावं.

आणि जात. ह्या देशात जात नाही असा कागद नसतो. १९६१ चा आयकर कायदा म्हणाला, एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी धर्मादाय ट्रस्ट काढला तर करमाफी नाही. वाहवा! पुढे बारीक अक्षर. हे लागू त्या कायद्यानंतर निघालेल्या ट्रस्टांना, म्हंजे १ एप्रिल १९६२ पासून पुढे. त्याआधी जे जातीसाठी निघाले ते तसेच माफ. आता १९६२ च्या आधी मुंबईत ट्रस्ट काढायची ऐपत कुणाची होती? अमुक ज्ञातीची वाडी, तमुक ज्ञातीचं सॅनिटोरियम, ज्ञातीतल्या गरजूंना स्वस्त खोल्या. गिरगाव, भुलेश्वर, ताडदेव फिरून या, पाट्या वाचा. जुनी जात करमाफ, नवी जात बंद. आपल्यासाठी एक स्पष्टीकरण ठेवलं, की अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, बायका, मुलं यांच्यासाठी ट्रस्ट असेल तर तो जातीय धरायचा नाही. मेहेरबानी. दार उघडं ठेवलं, आत टाकायला आपल्याकडे इस्टेट कुठाय!

नाही, चुकलो. इस्टेट होती. आपलंही इस्टेट प्लॅनिंग करून ठेवलेलं होतं, आपल्या आज्या-पणज्याच्या जन्माआधी. त्याला वतन म्हणतात. १८७४ च्या मुंबई वतन कायद्याने ते इंग्रजाने पक्कं केलं. महाराच्या पोटी जन्माला आला की गावची चाकरी त्याची. येसकर पाळी, सांगावा, मेलेलं ढोर, सरकारी टपाल, रात्री-बेरात्री पाटलाची हाक. बदल्यात जमिनीचा तुकडा, जो विकता येत नाही, आणि दारोदार मागायची भाकर. वर बावन्न हक्कांचा मोठेपणा! त्यांच्या ट्रस्टात पिढ्यान्‌पिढ्या ताबा उतरतो. आपल्या वतनात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी उतरली. त्यांचा वारसदार जन्मला की विश्वस्त. आपला जन्मला की गडी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल मांडलं, तेव्हा कितीजणांना वाटलं की आंबेडकर आपली जमीन घालवतात. आपल्यातलेसुद्धा! वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमिनी परत दिल्या त्या नव्या शर्तीवर, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत. शेठच्या ट्रस्टालाही जागा विकायला धर्मादाय आयुक्ताची परवानगी लागते, कलम ३६. पण आपल्या वतनाच्या जमिनी परवानगीच्या आधीच कितीकांच्या घशात गेल्या ते गावोगाव विचारा. आणि त्यांच्यासाठी २०१७ साली कायद्यात दुरुस्ती आली, की अपवादात्मक परिस्थितीत विकून झाल्यावरही परवानगी देता येईल. एकच मुंबई राज्य, दोन परवानग्या, दोन रंग.

हॉस्पिटलाकडे येतो. तिथे तर कायदा आपल्या बाजूचा आहे, तरी मार आपल्यालाच. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ एए आहे. त्यावर २००६ साली मुंबई हायकोर्टाने योजना आखून दिली. धर्मादाय हॉस्पिटलने दहा टक्के बेड अगदी गरिबांना फुकट द्यायचे, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. इतर रोग्यांच्या बिलाचे दोन टक्के बाजूला काढून गरीब रोग्यांचा निधी ठेवायचा. आणि नीट वाचा, तातडीचा रोगी आला तर आधी आत घ्यायचा, जीव वाचवायचे उपचार करायचे, डिपॉझिट मागायचं नाही. दादांना हे माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. काउंटरवरच्या बाईला माहीत असेल की नाही, सांगता येत नाही, तिचा पगार माझ्याएवढाच असेल. पण ज्याने पुण्यस्मरणार्थ पाटी लावली त्याच्या वकिलाला नक्की माहीत होतं. स्वस्तात मिळालेली जमीन, करमाफी, जास्तीचा एफएसआय, हे सगळं घेताना आपण दस्तात असतो. बेड देताना आपण नसतो.

आता एक कडू गोष्ट, ती टाळून चालणार नाही. काही मित्र म्हणतील, हा शेठच्या ट्रस्टांवर लिहितो, आपल्यांबद्दल बोलत नाही. बोलतो. पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बाबासाहेबांनी १९४४ ला काढला, पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ला. कशासाठी? समाजाची वास्तू समाजाची राहावी म्हणून. ही इस्टेट त्या माणसाने पोराबाळांच्या नावावर न ठेवता समाजाच्या नावावर केली. खरं इस्टेट प्लॅनिंग ते. आणि आपण काय केलं? २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं, बुद्धभूषण प्रेससकट. पाडायला शेठजी-भटजी आले नव्हते. ट्रस्टच्याच लोकांनी पाडलं, म्हणाले इमारत मोडकळीला आली होती. जुलैत भायखळ्यापासनं लाखाचा मोर्चा निघाला, मी तेव्हा शाळेत होतो, काकांच्या खांद्याला धरून चाललो. घोषणा दिल्या, घसा बसला. पण आज विचारतो, त्या मोर्चातल्या किती जणांनी तोवर ट्रस्टचा दस्त बघितला होता? विश्वस्त कोण आहेत, कुणी नेमले, जागा कशी भरतात, कुणाला ठाऊक होतं? बाबासाहेबांनी आपल्याला लाभार्थी केलं आणि आपण लाभाची वाट बघत बसलो. विश्वस्त कुणीही असो, शेठ असो की आपला भाऊबंद, ज्याच्याकडे किल्ली आहे आणि ज्याला कुणी हिशोब विचारत नाही, तो एक दिवस मालकासारखा वागतोच.

म्हणून मोर्चा काढा, पण आधी वरळीला जा. धर्मादाय आयुक्ताचं ऑफिस तिथे आहे. प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टाला नोंदणी नंबर असतो, तो पावतीवर, पाटीवर, लेटरहेडवर छापलेला असतो. तो नंबर घेऊन जायचं आणि नोंदवहीची नक्कल मागायची. अर्ज करायचा, फी भरायची, हेलपाटे घालायचे. कारकून पहिल्या दिवशी उद्या या म्हणतो. उद्या जायचं. त्यात विश्वस्तांची नावं असतात, मिळकत असते, विश्वस्त नेमायची पद्धत असते. विश्वस्त बदलला की बदल अर्ज करावा लागतो, कलम २२. तो किती वर्षं झाला नाही ते बघायचं. पुष्कळ ठिकाणी मेलेली माणसं विश्वस्त आहेत, आणि मेलेल्या माणसांच्या नावाने जिवंत माणसं सह्या करतात. जागा तीन वर्षांवर लीजने द्यायची तरी परवानगी लागते, ती घेतली का ते बघायचं. पेपरातल्या बारीक जाहिराती वाचायच्या. शेठच्या सॉलिसिटरचं पोट त्या बारीक अक्षरावर चालतं. आपल्याला अक्षर यायला दोन हजार वर्षं लागली, ते आता पोस्टरपुरतं वापरायचं का?

आणि कलम ५० वाचा. विश्वस्ताने विश्वासघात केला तर ट्रस्टात हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक माणसांना आयुक्ताच्या संमतीने दावा लावता येतो. विश्वस्त काढा, हिशोब घ्या, नवी योजना ठरवा, हे सगळं मागता येतं. संमती सहज मिळत नाही, दावे वर्षानुवर्षं चालतात, मला कुणी स्वप्न विकत नाही आणि मी तुम्हाला विकत नाही. पण कायद्यात लाभार्थ्याला नुसतं तोंड उघडायला जागा आहे ती ही. तिच्यात आजवर पाय कुणी घातला? भाऊ-भाऊ भांडले की घालतात. आपण घालत नाही, कारण आपल्याला वाटतं ती त्यांची इस्टेट आहे.

आमच्या वस्तीत आम्ही सातजण जमलो. चार गोदीतले, एक रिक्षावाला, एक बालवाडीच्या ताई, एक कॉलेजातला पोरगा ज्याला इंग्रजी येतं. आधी एकच अर्ज करतोय, त्या हॉस्पिटलबद्दल, धर्मादाय आयुक्ताकडे. त्या दिवशी दुपारी एक ते साडेचार फुकटच्या दहा टक्के बेडवर कोण झोपलं होतं, त्यांच्या दाखल्यांची नोंद दाखवा, आणि गरीब रोग्यांच्या निधीत किती जमा आहे ते सांगा. बस्स, एवढंच विचारलंय. पहिली सही दादांची आहे. कुबडी भिंतीला टेकवून त्यांनी ती केली, पूर्ण आडनावासकट. सही करताना म्हणाले, पाय गेला तो गेला, आता त्यांना विचार, बेड कुठाय.

दुसरा अर्ज जागेचा करायचाय. आमच्या वस्तीमागे एका ट्रस्टाची धर्मशाळा होती, तिथे आता पत्रे ठोकलेत आणि आत खोदकाम चाललंय. परवानगी झालीय का, विक्री की लीज, काही कळत नाही. रविवारी सकाळी दहाला समाजमंदिरात बसतोय. ज्यांच्या वस्तीजवळ अशी ट्रस्टाची जागा असेल त्यांनी पाटीचा फोटो काढून आणा, नंबर नीट दिसला पाहिजे. नसेल तर रेशनकार्डाची झेरॉक्स आणा.